आपली माणसं चर्च का बदलतात? आणि लग्न-मयताच्या वेळी अडतं कुठं?

जुना_जालना

जय ख्रिस्त मंडळी.

धागा काढावा की नाही, दोन महिने ठरत नव्हतं. घरातली गोष्ट आहे. पण जालन्यात ज्याच्याशी बोलावं त्याच्या घरी हेच चालू आहे, म्हणून लिहितो.

आमचं घराणं बेथेलचं. रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी जालन्याजवळ ख्रिस्ती गाव वसवलं, तिथं माझ्या पणज्याला घर मिळालं. सुरुवात फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडची, पुढं युनायटेड चर्च, आणि १९७० पासून सीएनआय, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया. दारावरची पाटी बदलली, पण बसायचा बाक तोच राहिला. आई मिशन हॉस्पिटलात नर्स होती. वडील पंचकमिटीवर होते.

धाकट्या भावानं सहा वर्षांपूर्वी हे चर्च सोडलं. वहिनी आजारी होती. एका नव्या मंडळीचे लोक रोज संध्याकाळी येऊन तिच्या उशाशी बसायचे, प्रार्थना करायचे. ती बरी झाली. मग भावानं बायको-लेकरांसह तलावात उतरून पुन्हा बाप्तिस्मा घेतला. मी त्या दिवशी गेलो नाही. आई दोन दिवस जेवली नाही, कारण त्या लेकरांचा पहिला बाप्तिस्मा झाला तेव्हा ती तिच्याच कडेवर होती.

आता पुतणीचं लग्न वैजापूरकडच्या कॅथलिक घरात ठरलंय. पोरगा चांगला आहे, दोन्ही घरं राजी आहेत. पण फादर बाप्तिस्म्याचा दाखला मागतात. भावाच्या मंडळीत दाखला देत नाहीत. तिथल्या पास्टरकडं लग्न लावायचं लायसन्सही नाही. जुन्या चर्चची सहा वर्षांची वर्गणी थकलीय, म्हणून भाऊ तिथं तोंड दाखवायला तयार नाही. आणि आई चौऱ्याऐंशीची. ती रोज विचारते, मला कुठं ठेवणार? वडिलांची कबर जुन्या मंडळीच्या कबरस्तानात आहे. आईच्या मयतीला आपल्या पास्टरनं प्रार्थना करावी असं भावाला वाटतं, आणि पंचांचं उत्तर ‘आमच्या जागेत आमचेच पाळक’ असं आहे.

तुमच्यापैकी कुणी चर्च बदललं असेल तर का बदललं ते मोकळेपणानं सांगा. ज्यांच्या घरातलं कुणी गेलं त्यांनीही सांगा. मला भावाशी भांडायचं नाही. तो का गेला हे मला सहा वर्षांत एकदाही विचारता आलेलं नाही.

वाळूज_तिसरी_पाळी

जय येशू दादा. मी सोडून गेलेल्यांपैकी आहे, म्हणून पहिला लिहितो.

गाव अंबड तालुक्यात. आजोबांपासून जुनं चर्च. बारावीनंतर वाळूजला आलो, रांजणगावात खोली केली, चौघांत एक. रविवारी कधी पाळी, कधी रात्रपाळी करून आलेली झोप. तरी शहरातल्या एका मोठ्या चर्चला दोन गाड्या बदलून जायचो. चार महिने गेलो. प्रत्येक घराण्याचा बाक ठरलेला. मी मागं उभा राहायचो, कधी कडेला बसायचो. उपासना संपली की सगळे एकमेकांशी बोलायचे आणि मी गेटपर्यंत जाऊन परत फिरायचो, कुणी हाक मारेल म्हणून. नंतर जायचा थांबलो. आठ महिन्यांत कुणाला कळलंसुद्धा नाही.

मग टायफॉइड झाला. लाइनवरच्या एका पोरानं त्याच्या पास्टरला आणलं. पास्टर स्वतः एका दुकानात कामाला. त्यांच्या बायकोनं सहा दिवस मऊ भात पाठवला. पत्र्याच्या हॉलमध्ये रविवारी संध्याकाळी सातला आम्ही चाळीसेक जण जमतो, सगळे कंपन्यांतले. एक रविवार चुकला तर सोमवारी सकाळी फोन येतो.

तुमच्या भावाला उपदेशापेक्षा तो रोज संध्याकाळचा दरवाजा आठवत असेल, असं मला वाटतं.

धाराशिवचे_मामा

वर्गणीपायी पोरीचा दाखला अडत असेल तर पंचांनी करिंथकरांस पहिल्या पत्राचा पहिला अध्याय पुन्हा उघडावा. ‘मी पौलाचा, मी अपुल्लोसाचा’ म्हणणाऱ्यांना तिथं काय विचारलंय ते वाचावं.

जुना_जालना

मामा, दाखला अडवलेला नाही. भावानं मागितलेलाच नाही. मागितला तर पहिल्यांदा वर्गणीचं बोलतील हा त्याचा अंदाज. खरं-खोटं जाऊन बघायला हवं, हे मला लिहिता लिहिताच जाणवतंय.

वाळूजच्या भाऊ, तुमचं वाचून मी थांबलो. आमच्याकडंही बाकं ठरलेलीच आहेत.

गोदाकाठ

नमस्कार. मी कॅथलिक, गंगापूर तालुक्यातली, पेशानं शिक्षिका. लग्नाचं आधी सांगते, कारण ते सुटण्यासारखं आहे.

पुतणीचा लहानपणी तुमच्या चर्चमध्ये बाप्तिस्मा झाला होता ना? पाण्यानं आणि ‘पिता, पुत्र व पवित्र आत्मा’ या नावानं झाला असेल तर आमचं चर्च तो पूर्ण मानतं. पुन्हा स्नानसंस्कार करत नाहीत. मग हे दोन बाप्तिस्मा झालेल्या ख्रिस्ती माणसांचं मिश्र लग्न होतं आणि त्याला बिशपांची परवानगी लागते. अर्ज फादरच पाठवतात. मुलाला सांगावं लागतं की मी माझा विश्वास सोडणार नाही आणि लेकरांना कॅथलिक चर्चमध्ये वाढवण्यासाठी माझ्याकडून होईल ते करीन. तुमच्या पुतणीला काही लिहून द्यावं लागत नाही, पण त्यानं काय शब्द दिलाय हे तिला सांगितलं जातं. ते आत्ताच घरात नीट बोलून घ्या. लग्नानंतर पहिलं बाळ झालं की सगळ्यात मोठं भांडण याच्यावरून होतं.

नाजूक प्रश्न एकच. तलावातला बाप्तिस्मा कोणत्या नावानं झाला? काही मंडळ्यांत फक्त ‘येशूच्या नावात’ देतात आणि आमच्याकडं तो धरला जात नाही. पहिला झालेला असेल तर अडचण नाही. पण तिचा एकच झाला असता आणि तो असा असता, तर परवानगी पुरली नसती. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी लग्न करायला वेगळी सूट घ्यावी लागते.

आता तुमच्या मूळ प्रश्नाचं. आमचं घराणं कॅथलिक झालं तेच मुळी चर्च बदलून. घोगरगावचं मिशन एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सुरू झालं, त्याच्या आधी या भागात प्रॉटेस्टंट मिशनची माणसं फिरत होती. आमच्या आजीची आठवण अशी, की गावातल्या शाळेचा मास्तर बदलून गेला आणि दोन वर्षं दुसरा आलाच नाही. वाड्यावरच्या लोकांनी फादरला निरोप धाडला, आमच्या लेकरांना शिकवा. फादर आले, मास्तर आला, पूर्ण वाडा कॅथलिक झाला. आजीला पोपबद्दल काही माहीत नव्हतं. मास्तर आला हे माहीत होतं.

अंबाजोगाईचे_मास्तर

गोदाकाठताईंच्या आजीची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपण म्हणतो आताच लोक इकडून तिकडं जायला लागलेत, पूर्वी असं नव्हतं. पण पूर्वी ‘कुठल्या चर्चचे’ हे तरी आपण कुठं ठरवलं होतं?

प्रॉटेस्टंट मिशनांनी आपसांत मुलूख वाटून घेतले होते. जालना स्कॉटिश मिशनकडं, म्हणजे प्रेस्बिटेरियन. औरंगाबादला चर्च मिशनरी सोसायटी, म्हणजे अँग्लिकन, आणि तिथं काम करणारे रतनजी नवरोजी मूळचे पारशी. शेजारी नगरला अमेरिकन मराठी मिशन. वाशीम-बुलडाण्याच्या अंगाला नंतर नाझरीन. आपला पणजा ज्या वेशीच्या आत जन्मला, त्यावर तो प्रेस्बिटेरियन झाला की अँग्लिकन हे ठरलं. स्कॉटलंडात आणि इंग्लंडात तीनशे वर्षांपूर्वी झालेली भांडणं आमच्या ज्वारीच्या वावरापर्यंत आली आणि आम्हाला ती वारशात मिळाली.

याचं दुःख आपल्याच माणसांना आधी झालं. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ मांडला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून यावेत, मिशनच्या पाट्या नसाव्यात, हे त्यांना हवं होतं. पुढं दोन वर्षांत ते गेले. १९७० च्या २९ नोव्हेंबरला नागपुरात सहा चर्चेस एक होऊन सीएनआय झालं. मी तेव्हा सातवीत होतो. वडील जाऊन आले आणि घरी येऊन रडले, आनंदानं. अमेरिकन मेथडिस्ट बाहेर राहिले, त्याचीही त्यांना फार चुटपुट लागली होती.

पेंटेकॉस्टल, म्हणजे टाळ्या वाजवत, अन्य भाषांत प्रार्थना करणाऱ्या मंडळ्या, परदेशातून कालपरवा आल्या असं मानणाऱ्यांसाठी एक आठवण. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, केडगावला, १९०५ साली जो जागर झाला त्यात मराठी पोरीबाळी रात्र रात्र प्रार्थना करत होत्या. तो झरा आपल्याच मातीतला आहे. त्याला परका म्हणून हिणवणाऱ्या जुन्या मंडळ्यांचं मला पटत नाही, आणि मी स्वतः जुन्या मंडळीचा आहे.

एवढं सांगूनही माझं मत तुमच्या भावाच्या विरुद्ध आहे. दुसरा बाप्तिस्मा घ्यायला नको होता. प्रार्थनेला जा, टाळ्या वाजवा, अन्य भाषांत बोला. पण देवानं एकदा हात धरलेला असताना ‘तेव्हाचं खरं नव्हतं’ असं म्हणणं मला सोसवत नाही.

पास्टर_नांदेडहून

सगळ्यांना प्रभूच्या नावात सलाम. मी नांदेडात छोटी स्वतंत्र मंडळी चालवतो. मास्तर, आपण मला वडिलांच्या जागी, तरी उत्तर देतो.

लेकराच्या कपाळाला पाणी लावतात तो आईबापाचा विश्वास असतो. मी त्याची थट्टा कधीच करत नाही, माझाही झाला होता. पण मी तेवीस वर्षांचा असताना, दारूतून उठल्यावर, मला स्वतःच्या तोंडानं ‘होय’ म्हणायचं होतं. शास्त्रात आधी विश्वास ठेवा आणि मग बाप्तिस्मा घ्या, असं मला दिसतं. त्याला मी दुसरा म्हणतच नाही.

‘मेंढरं चोरणारे’ हा शब्द आमच्यासाठी सर्रास वापरतात. माझ्याकडं आलेल्या दहा घरांपैकी सात जणांकडं त्यांच्या जुन्या पाळकांनी दोन-दोन वर्षं पाऊल टाकलेलं नव्हतं. एका पाळकाकडं पाच गावं, गाडी नाही, पगार तीन महिने उशिरा, हे मी जाणतो. त्यांना दोष देत नाही. पण उपाशी मेंढरू दुसऱ्याच्या कुरणात आलं तर मी त्याला हाकलायचं का?

लायसन्सचं मात्र जुना_जालना दादा बरोबर म्हणतात, आणि ही आमच्या लोकांची चूक आहे. १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न कोण लावू शकतो हे ठरलेलं आहे: कायद्यानं मान्य केलेले धर्मगुरू, सरकारी लायसन्स असलेले पाळक, किंवा विवाह निबंधक. माझ्यासारखे कितीतरी जण उत्साहात लग्न लावतात, छापील सर्टिफिकेट देतात, आणि पोरगी पासपोर्टला गेली की तो कागद कुणी धरत नाही. मी २०१६ पर्यंत हेच केलं. एका जोडप्याला त्याचा फार त्रास झाला. त्यांची क्षमा मागितली. आता माझ्याकडची लग्नं आधी निबंधकाकडं जातात किंवा लायसन्सवाल्या वडील पाळकांना बोलावतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानं करायचं असेल तर तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते. तारीख त्या हिशोबानं धरा.

लातूरची_स्टाफनर्स

मी दोन्हीकडं जाते. सकाळी जुन्या चर्चला, बुधवारी घरसभेला. मला दोन्हीकडून बोलणी बसतात. तरी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही.

माझी मावशी शुगर आणि बीपीची. चर्च बदललं. एका सभेत तिला सांगितलं, बरी झालीस, साक्ष दे. तिनं साक्ष दिली आणि गोळ्या बंद केल्या, कारण गोळी घेतली तर साक्ष खोटी ठरेल. पाच महिन्यांनी तिला झटका आला. आता उजवा हात हलत नाही. ज्यांनी सांगितलं ते म्हणाले, विश्वास कमी पडला. ती अजून स्वतःलाच दोष देते, ते मला झोपू देत नाही.

सगळीकडं असं नसतं. माझ्या घरसभेतला पास्टर आधी विचारतो, गोळी घेतली का? पण चर्च निवडताना माणसानं हे विचारावं. डॉक्टरकडं जायला मना करत असतील तर उठून यावं, तिथं भजनं कितीही गोड असोत. जुना_जालना दादा, वहिनींचं औषध चालू होतं का?

जुना_जालना

ताई, हो, चालू होतं. ऑपरेशन संभाजीनगरला झालं. खर्चातले काही पैसे त्या मंडळीनं गोळा करून दिले, हे मला नंतर कळलं. मी सख्खा मोठा भाऊ. मी त्या वेळी तिला दोनदा भेटायला गेलो होतो. दोनदाच.

परभणीची_सून

माझं चर्च लग्नानं बदललं. माहेर मेथडिस्ट, उदगीरकडचं. सासर ब्रदरन. इथं बायका डोक्यावर पदर घेतात आणि सभेत बोलत नाहीत. माहेरी मी तरुण संघाची सेक्रेटरी होते, शास्त्रपाठ वाचायचे, नाताळचं नाटक बसवायचे. इथं आल्यावर पहिल्या रविवारी भाकर मोडताना, म्हणजे प्रभुभोजनात, ताट माझ्या पुढून गेलं, कारण मी अजून ‘सहभागात’ नव्हते. मी बाप्तिस्मा झालेली, दृढीकरण झालेली, तरी. नवरा माझ्या शेजारी नव्हता, पुरुष दुसऱ्या बाजूला बसतात.

सासूबाईंनी मात्र घरी आल्यावर मला जवळ घेतलं. म्हणाल्या, माझंही तसंच झालं होतं, मी नाझरीनची. आम्ही दोघी स्वयंपाकघरात माहेरची गाणी म्हणतो, तिच्याही आणि माझ्याही. चाल वेगळी असते, शब्द तेच निघतात.

लेकीला सगळ्यांनी विचारलं, तू कुठल्या चर्चची? सहा वर्षांची आहे. ती म्हणाली, ‘आजीच्या.’

शनिवारची_सुट्टी

परभणीच्या ताईंच्या लेकीला माझा सलाम. :)

आम्ही सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट. मी शनिवार पाळतो, मोठा भाऊ रविवार. एकाच वाड्यात राहतो. शुक्रवारी सूर्य मावळला की माझ्या घरात काम बंद, तेव्हा वहिनी आमचीही भाकरी टाकते. रविवारी ते चर्चला गेले की माझी बायको त्यांचं कालवण करते. सतरा वर्षं असं चाललंय. लोक म्हणतात तुम्ही वेगळे झालात. आम्ही म्हणतो, आठवड्यातून दोनदा वाड्यात सण असतो.

मी का बदललो? शास्त्र वाचून. होय, काही जण वाचूनही बदलतात हो! इथं सगळे मऊ भात आणि मास्तर सांगतायत म्हणून लिहिलं. चौथी आज्ञा, शब्बाथ पाळायची, वाचली, तीन वर्षं वाचली, मग गेलो.

वेशीबाहेरचा

कुणी लिहीत नाही म्हणून मी लिहितो. जात.

आमच्या गावात दोन चर्च आहेत, दोन वेगळ्या पंथांची, मध्ये दोनशे पावलं. एक महारवाड्यातून ख्रिस्ती झालेल्यांचं, एक मांगवाड्यातून झालेल्यांचं. पाहुण्यांना आम्ही सांगतो, यांची शिकवण वेगळी, त्यांची वेगळी. शिकवणीतला फरक एकालाही सांगता येणार नाही. लग्नं होत नाहीत. माझ्या चुलत्यानं पंचकमिटीच्या निवडणुकीत अर्ज भरला तेव्हा त्याला जे ऐकावं लागलं ते ऐकून आमची अकरा घरं एका रात्रीत चर्च सोडून नवीन मंडळीत गेली. वहीत कारण लिहिलं: ‘पवित्र आत्म्याची ओढ.’

नवीन मंडळीत पहिल्यांदा सगळे एका रांगेत खाली सतरंजीवर बसले. आई त्या दिवशी घरी आल्यावर कितीतरी वेळ गप्प होती, मग म्हणाली, कुणी सरकायला सांगितलं नाही. ते सुख मला खरं वाटतं आणि आजही मी त्याच मंडळीत आहे. दहा वर्षांनी तिथंही पैसेवाल्यांच्या खुर्च्या आल्या आहेत, हेही खरं. माझी आई अजून सतरंजीवरच बसते.

अंबाजोगाईचे_मास्तर

वेशीबाहेरचा, तुमचं वाचलं. मी पंचकमिटीवर बारा वर्षं होतो. अशा निवडणुका मी पाहिल्या आहेत आणि गप्प बसलो आहे. वर मी सगळा इतिहास सांगितला आणि हे सांगितलं नाही. मला याची लाज वाटते.

पास्टरसाहेब, तुम्हालाही उत्तर द्यायचं आहे. एकीकरणाच्या वेळी बाप्टिस्ट आणि चर्च ऑफ द ब्रदरन (परभणीच्या ताईंच्या सासरचे ब्रदरन वेगळे) सोबत आले तेव्हा हाच वाद झाला होता, आणि तोडगा निघाला की एकाच चर्चमध्ये दोन्ही रीती चालतील. लेकराचा बाप्तिस्मा किंवा मोठेपणी समजून-उमजून, ज्याच्या-त्याच्या विवेकाप्रमाणे. ज्याचा एकदा झाला त्याचा पुन्हा नाही, एवढंच धरून ठेवलं. म्हणजे तुमची तेवीस वर्षांच्या पोराची तळमळ आम्हाला कळत नाही असं नाही. दारूतून उठलेल्या पोराला आम्ही उभं करून ‘होय’ म्हणायची जागा दिली असती तर तुम्ही तलावापर्यंत गेला असता का? खरंच विचारतोय.

पास्टर_नांदेडहून

मास्तर, दोन दिवस विचार केला. माहीत नाही. पण तशी जागा मला कुणी दिली नव्हती.

मुक्तिफौजेचा_नातू

आमचा तर पहिलाही नाही. :) मुक्तिफौजेत, म्हणजे साल्व्हेशन आर्मीत, पाण्याचा बाप्तिस्मा नाही, प्रभुभोजनही नाही. लेकराचं झेंड्याखाली समर्पण करतात. माझं लग्न दुसऱ्या चर्चमधल्या मुलीशी ठरलं तेव्हा पाळकसाहेब म्हणाले दाखला आणा. मी समर्पणाचं सर्टिफिकेट नेलं. ते बिचारे चष्मा काढून दोनदा वाचत बसले. शेवटी माझा बाप्तिस्मा लग्नाच्या आदल्या रविवारी झाला. आजोबा फौजेचा गणवेश घालून पहिल्या बाकावर बसले होते. मला भीती होती ते दुखावतील. बाहेर आल्यावर म्हणाले, पाणी थंड होतं का?

केजचा_शेजारी

मी ख्रिस्ती नाही, बौद्ध आहे. आमच्या गल्लीत तीन ख्रिस्ती घरं, तीन वेगळ्या चर्चची. बाहेरून आम्हाला तुम्ही सगळे एकच दिसता. सरकारी कागदावरही एकच शब्द. मागच्या वर्षी त्यातल्या एका घरात मयत झाली आणि दफन कुठं करायचं यावर दुपारपर्यंत प्रेत घरात होतं. शेवटी आम्ही गल्लीतल्यांनी खड्ड्याचं काम केलं. जागा एवढी कमी आहे का?

गोदाकाठ

दादा, जागा कमीच आहे. मिशनच्या काळात जी कबरस्तानं मिळाली ती त्या त्या मिशनच्या नावावर राहिली, पुढं त्यांच्या ट्रस्टकडं गेली. नवीन मंडळ्या भाड्याच्या हॉलमध्ये भरतात, त्यांच्याकडं मातीचा तुकडा नाही. जिवंत माणूस चर्च बदलतो, मेलेल्याला जुन्याच गेटवर यावं लागतं. तिथं मग वर्गणीची वही निघते. नगरपालिकेकडं सगळ्या ख्रिस्ती लोकांनी मिळून एक जागा मागितली तर मिळू शकते, काही गावांत मिळालीही आहे. पण अर्जावर सही करायला सगळे पाळक एका टेबलाशी बसत नाहीत.

वाळूज_तिसरी_पाळी

आमच्या हॉलमधला एक जण कंपनीत अपघातात गेला तेव्हा आम्ही त्याला गावी नेलं, बीड जिल्ह्यात. जुन्या चर्चच्या पाळकसाहेबांनी गेट उघडलं, स्वतः प्रार्थना केली, आणि मग आमच्या पास्टरकडं बघून म्हणाले, तुम्हीही करा, तो तुमच्याकडं होता. वही काढली नाही. हे पण लिहायला हवं, नाहीतर वाटेल सगळीकडं दारं बंदच आहेत.

जुना_जालना

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला. शनिवारी भावाकडं गेलो. चहा झाला. मी विचारलं, तू का गेलास? तो म्हणाला, तुला आज सुचलं? नंतर दोन तास बोलला. बरंचसं तुमच्या लिहिण्यातलंच होतं, वाळूजच्या भावाचं तर शब्दन् शब्द. एक गोष्ट मला नवी होती. वडील गेल्यावर पंचकमिटीवर त्यांच्या जागी त्यानं नाव दिलं होतं आणि मी दुसऱ्याला पाठिंबा दिला होता. मी विसरलो होतो. तो नव्हता विसरला.

दाखल्याचं काढलं तेव्हा तो अडला. म्हणाला, जुना दाखला दाखवला म्हणजे तलावातलं खोटं होतं असं मी कबूल केल्यासारखं होईल. मी गोदाकाठताईंचं वाचून दाखवलं, आणि पास्टरसाहेबांचंही, की ते पहिल्याची थट्टा करत नाहीत. नंतर स्वतःहून म्हणाला, रजिस्टर बघायला काय हरकत आहे.

काल संध्याकाळी दोघं गेलो. सेक्रेटरींनी लोखंडी कपाट उघडलं. २००१ चं पान निघालं. पोरीचं नाव, तारीख, पाळकांची सही, आणि साक्षीदार म्हणून माझी सही. हेही मी विसरलो होतो. भाऊ ते पान बराच वेळ वाचत उभा होता. त्यानं फोटो काढून पोरीला पाठवला. सेक्रेटरी वर्गणीबद्दल एक शब्द बोलले नाहीत.

आईच्या वेळी पास्टरला प्रार्थना करू देण्याचं भावानं तिथंच विचारलं. ते म्हणाले, माझ्या एकट्याच्या हातात नाही, दुसऱ्या रविवारी कमिटीची सभा आहे, लेखी द्या. अर्ज मी लिहितोय. खाली दोघांच्या सह्या करणार आहोत.

वेशीबाहेरचा

सभेचं काय होतं ते इथं लिहा. आमच्याकडं पण असा अर्ज द्यायचाय.

गोदाकाठ

फार बरं वाटलं दादा. आता कामाचं: फोटो चालत नाही. दाखल्याची प्रत सही-शिक्क्यासह घ्या आणि त्यावर बाप्तिस्मा कोणत्या नावानं झाला ते लिहून मागा. फादरांकडं जाताना पुतणीसोबत तिच्या वडिलांनाच पाठवा, तुम्ही नका जाऊ. आणि लग्नाआधीच्या वर्गाची तारीख विचारून घ्या, ते वर्ग रोज नसतात.